लातूर-नांदेडच्या रानात उतरणारी पेटी आणि होमी भाभा: वर जाताना फुगा एवढा का फुगतो?

हैदराबादहून रात्री किंवा पहाटे प्लास्टिकचा एक भलामोठा फुगा सोडला जातो. तासा-दोन तासांत तो ३० किलोमीटर उंचीवर पोचतो. विमानं उडतात त्याच्या तिप्पट वर. तिथं तो काही तास तरंगत राहतो, मग रेडिओवरून आज्ञा जाते, फुगा सुटा होतो आणि त्याला टांगलेली यंत्रांची पेटी पॅराशूटनं खाली येते.

आता ही पेटी नेमकी कुणाच्या शेतात उतरणार, हे वाऱ्यावर ठरतं. हैदराबादपासून नांदेड आणि लातूर सरळ रेषेत जेमतेम अडीचशे किलोमीटरच्या आत. म्हणून फुगे सोडण्याआधी टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजेच टीआयएफआर, जी सूचना काढते, त्यात तेलंगणा आणि कर्नाटकासोबत मराठवाड्यातल्या जिल्ह्यांचीही नावं असतात.

हरभऱ्याच्या रानात अशी पेटी पडलेली दिसली, तर पहिल्यांदा फोटो निघतो आणि गावाच्या ग्रुपवर जातो. मग कुणाला तो बॉम्ब वाटतो, कुणाला हेरगिरी, तर कुणाला थेट परग्रहावरचे पाहुणे.

खरं तर त्या पेटीचं मूळ एका मुंबईकर माणसाच्या आयुष्यात आहे. अणुबॉम्ब, अणुभट्टी म्हटलं की त्यांचं नाव आपल्याला आठवतं. पण त्यांचं पहिलं प्रेम अणुभट्टी नव्हतं, तर आकाशातून येणारे किरण होते. ते होते डॉ. होमी जहांगीर भाभा.

वडिलांना हवा होता इंजिनिअर

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या सधन पारशी कुटुंबातला. वडील जहांगीर भाभा वकील, आई मेहेरबाई पेटिट घराण्यातल्या. आत्या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यामुळं टाटांच्या घरी येणं-जाणं लहानपणापासूनचं.

घरात पुस्तकं होती, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या होत्या. मुलगा चित्रंही उत्तम काढायचा. पण घरच्यांचा बेत पक्का होता. होमीनं केंब्रिजला जाऊन मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं आणि परत येऊन जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात लागायचं.

१९२७ साली होमी केंब्रिजला गेले आणि तिथं त्यांचं मन भौतिकशास्त्रावर बसलं. इंजिनिअर होणं आपल्याला जमणार नाही, असं त्यांनी वडिलांना कळवलं. हा प्रसंग आज लातूरच्या क्लासेसमधल्या कित्येक पोरांना ओळखीचा वाटेल. वडिलांनी नाही म्हटलं नाही, पण एक अट घातली. आधी इंजिनिअरिंगला फर्स्ट क्लास आण, मग गणितासाठी आणखी दोन वर्षांचा खर्च मी करतो.

१९३० साली होमींनी इंजिनिअरिंगला फर्स्ट क्लास आणला. पुढं १९३२ साली गणितातही आणला. त्यानंतर त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

आकाशातून येणारे किरण म्हणजे काय?

त्या काळात भौतिकशास्त्रात एक कोडं गाजत होतं. १९१२ साली व्हिक्टर हेस नावाचा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ फुग्यात बसून पाच किलोमीटरच्या वर गेला होता. जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारामुळं हवेत विद्युतभार तयार होतो, असं तेव्हा मानलं जायचं. म्हणजे वर जाईल तसा तो कमी व्हायला हवा होता. हेसला उलटं दिसलं. वर गेल्यावर तो वाढत होता.

याचा अर्थ, काहीतरी वरून येत होतं. अवकाशातून येणाऱ्या या प्रचंड ऊर्जेच्या कणांना विश्वकिरण असं नाव पडलं. हेसला १९३६ साली नोबेल मिळालं.

अडचण अशी की हे कण जमिनीपर्यंत जसेच्या तसे पोचतच नाहीत. वातावरणात शिरले की हवेतल्या अणूंवर आदळतात, त्यातून नवे कण निघतात, ते पुढच्या अणूंवर आदळतात. पत्त्यांचा बंगला ढासळावा तसा हा सिलसिला चालतो. आपल्यापर्यंत पोचतो तो फक्त त्याचा चुरा.

१९३७ साली भाभांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत या कणांच्या वर्षावाचं गणित मांडलं. एका कणापासून किती कण होतील, कोणत्या उंचीवर किती सापडतील, याचा हिशेब त्यातून करता येऊ लागला. २७ वर्षांच्या या तरुणाचं नाव जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीचं त्यांनी केलेलं गणित आजही भाभा स्कॅटरिंग म्हणून शिकवलं जातं.

सुट्टीवर आले आणि अडकले

१९३९ साली भाभा सुट्टीसाठी भारतात आले होते. सप्टेंबरात दुसरं महायुद्ध पेटलं आणि परतीचा रस्ता बंद झाला.

ते बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुजू झाले. भौतिकशास्त्र विभागाची सूत्रं सर सी. व्ही. रामन यांच्याकडं होती. तिथं भाभांनी विश्वकिरणांचा विभाग सुरू केला. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

पण केंब्रिजमध्ये कागदावर गणित करणाऱ्या माणसाला आता प्रयोग करायचे होते, आणि त्यासाठी वर जायला हवं होतं.

युद्धाच्या काळात बंगळुरूला अमेरिकी हवाई दलाची विमानं होती. भाभांनी त्यांची मदत मिळवली. कण मोजणारी उपकरणं विमानात ठेवून सुमारे ३० हजार फुटांपर्यंत नेली आणि मोजमापं घेतली. ३० हजार फूट म्हणजे नऊ किलोमीटर. ऐकायला खूप वाटतं, पण तेवढ्या उंचीवरही वातावरणाचा जवळपास तिसरा हिस्सा डोक्यावर शिल्लक असतो. तोवर मूळ कण आदळून फुटलेले असतात.

म्हणजे विमानही पुरेसं नव्हतं. आता पर्याय होता फुग्याचा.

दाब कमी, आकार मोठा: इथं येतो बॉईलचा नियम

इंजेक्शनची एक सिरिंज घ्या, सुई काढून टाका. दांडा अर्धा ओढा, तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दांडा आत ढकला. आतली हवा कमी जागेत कोंबली जाते आणि बोटावर जोर जाणवतो. आता दांडा सोडा, तो आपोआप मागं येईल.

बस, हाच बॉईलचा नियम. रॉबर्ट बॉईल या आयरिश वंशाच्या शास्त्रज्ञानं १६६२ साली तो मांडला. तापमान तेच असेल तर वायूचा दाब दुप्पट केल्यावर आकारमान निम्मं होतं. दाब निम्मा केला की आकारमान दुप्पट. दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो.

कोकणातून महाबळेश्वरला जाताना चिप्सचं पाकीट टम्म फुगलेलं दिसतं, ते याचमुळं. पाकिटात कुणी जास्तीची हवा भरलेली नसते. बाहेरचा दाब कमी झालेला असतो.

आता हेच फुग्याला लावून पाहा. साधारण ३१ किलोमीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत शंभरावा हिस्सा उरतो. म्हणजे जमिनीवर भरलेला वायू तिथं शंभर पट जागा मागणार. प्रत्यक्षात तिथं उणे ४५ अंशांच्या आसपास थंडी असते आणि थंडीनं वायू आकसतो. त्यामुळं शंभराच्या जागी साधारण पंचाहत्तर पट धरा. तरी एका खोलीतला वायू पंचाहत्तर खोल्या भरून टाकतो.

म्हणूनच हैदराबादहून फुगा सुटतो तेव्हा तो भरलेला नसतोच. प्लास्टिकची लांबच लांब घडी आणि तिच्या शेंड्याला हायड्रोजनचा छोटासा फुगवटा, एवढंच दिसतं. बाकीची पिशवी रिकामी लोंबत असते. वर जाईल तशी ती उलगडत जाते आणि शेवटी पंधरा मजली इमारतीएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गोळ्याचा आकार घेते. जमिनीवरच गच्च भरला असता तर थोडं वर गेल्यावर जादा वायूला जागाच उरली नसती.

यात आणखी एक गंमत आहे. हवेचा दाब म्हणजे आपल्या डोक्यावर असलेल्या हवेचं वजन. दाब शंभरावा हिस्सा झाला, याचा अर्थ वातावरणातली ९९ टक्के हवा आता खाली राहिली. ज्या कारणानं फुगा फुगतो, त्याच कारणानं शास्त्रज्ञाला तिथं जायचं असतं. फुटायच्या आधीचे मूळ कण तिथंच भेटतात.

रबर सोडून प्लास्टिक

१९३९-४० च्या हिवाळ्यात अमेरिकेचे नोबेलविजेते रॉबर्ट मिलिकन आपल्या सहकाऱ्यांसह विश्वकिरण मोजायला भारतात आले होते. त्यांनी इथून फुगे सोडले, त्यात बंगळुरूही होतं. एवढ्या लांबून इथंच का? कारण दक्षिण भारत पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहे. तिथलं चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेच्या कणांना बाजूला सारतं आणि फक्त जबरदस्त ऊर्जेचे कण आत येऊ देतं. एका अर्थानं निसर्गानं फुकट दिलेली ही चाळणी आहे.

भाभांनी हे हेरलं होतं. महागडी यंत्रं आपल्याकडं नाहीत, पण जागा आहे. जगातल्या बड्या प्रयोगशाळांकडं जी गोष्ट नाही ती आपल्याकडं असेल, तर काम तिथंच सुरू करायचं, हा त्यांचा हिशेब होता.

चाळीसच्या दशकात भाभांच्या गटानं रबरी फुग्यांचे झुबके बांधून उपकरणं वर पाठवली. पण रबरी फुगा वर जाताना ताणत जातो आणि शेवटी फुटतो. तो एका उंचीवर थांबत नाही. कण मोजायचे तर तासन् तास वर राहायला हवं.

उत्तर होतं पॉलिथिलीनचा फुगा. कॅरीबॅगच्या जातीचंच प्लास्टिक, पण केसापेक्षाही पातळ. हा फुगा ताणला जात नाही, फक्त उलगडतो. पूर्ण फुगल्यावर उरलेला वायू खालच्या बाजूच्या वाटांनी बाहेर पडतो. आतला आणि बाहेरचा दाब जवळपास सारखा झाला की फुगा त्या उंचीवर तरंगत राहतो. पन्नासच्या दशकात टीआयएफआरनं या फुग्यांचं काम हाती घेतलं आणि ते देशातच तयार करण्याचं तंत्र उभं केलं.

एक पत्र आणि एक संस्था

ही टीआयएफआर कशी उभी राहिली, तो किस्साही सांगायला हवा.

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराबजी सकलातवाला यांना पत्र लिहिलं. मूलभूत भौतिकशास्त्राचं एक दमदार केंद्र भारतात हवं, अशी त्यांची मागणी होती. पुढच्या काही दशकांत अणुऊर्जेचा वापर सुरू होईल तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, हेही त्यांनी त्यात मांडलं. तेव्हा हिरोशिमावर बॉम्ब पडायला सव्वा वर्षाहून जास्त काळ बाकी होता.

१ जून १९४५ रोजी बंगळुरूत संस्थेचं काम सुरू झालं. त्याच वर्षी ती मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ या बंगल्यात आली. पुढं काही वर्षं गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये काम चाललं. कुलाब्याच्या समुद्रकाठच्या इमारतीचं उद्घाटन जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. भाभांनी त्या इमारतीत एम. एफ. हुसेन यांच्यासारख्यांची चित्रं लावली. बागेतल्या झाडांकडंही ते जातीनं लक्ष देत.

बाकीचा भाग सगळ्यांना माहिती आहे. १९४८ साली अणुऊर्जा आयोगाचं अध्यक्षपद, तुर्भ्याची उभारणी, ऑगस्ट १९५६ मध्ये अप्सरा ही अणुभट्टी. १९६२ साली विक्रम साराभाईंच्या नेतृत्वाखाली अवकाश संशोधनाची समिती बनली, तीही भाभांच्याच अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली. आजची इस्रो तिथूनच पुढं आली.

सगळ्यांना हे पटलं होतं का?

नाही. ज्येष्ठ शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांचा भाभांच्या मार्गाला विरोध होता. संशोधन विद्यापीठांतच वाढलं पाहिजे, असं साहांचं म्हणणं होतं. मोजक्या खास संस्थांत पैसा आणि माणसं गेली, तर कॉलेजात फक्त शिकवणं उरेल, अशी त्यांना भीती होती.

भाभांचं म्हणणं वेगळं होतं. ताकदीचा माणूस आधी शोधा, त्याच्याभोवती संस्था आपोआप वाढते, या विचारानं ते चालले. त्यातून जागतिक तोडीची कामं झाली, हे खरंच. पण साहांची भीती अगदीच खोटी होती, असंही म्हणता येत नाही. लातूर-नांदेडच्या क्लासेसमध्ये आज बॉईलचा नियम हजारो मुलांना तोंडपाठ असतो. नीट आणि जेईईला त्यावर प्रश्न येतो. मात्र तो नियम ज्या फुग्यात रोजचं काम करतो, त्याचं आपल्याच रानात उतरणं यातल्या बहुतेकांच्या कानावरही आलेलं नसतं.

२४ जानेवारी १९६६

या दिवशी भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी निघाले होते. एअर इंडियाचं कांचनजंगा हे बोईंग विमान जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. विमानातले सगळे ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते.

यामागं परदेशी गुप्तहेरांचा हात होता, असे मेसेज आजही फिरत असतात. त्याचा पुरावा समोर आलेला नाही. फ्रान्समध्ये झालेल्या चौकशीत, पर्वत ओलांडला आहे असा वैमानिकाचा समज झाला, असा निष्कर्ष निघाला.

टीआयएफआरची धुरा एम. जी. के. मेनन यांच्याकडं गेली. तेही विश्वकिरणांचेच अभ्यासक. १९६९ साली हैदराबादला फुग्यांचं कायमचं केंद्र उभं राहिलं. ते पाहायला भाभा नव्हते.

फुग्यातून मिळालं काय?

विश्वकिरणांनंतर या फुग्यांतून अवकाशातले क्ष-किरण मोजले गेले, इन्फ्रारेड दुर्बिणी वर गेल्या. उपग्रहावर बसवायची उपकरणं आधी फुग्यातून तपासली गेली.

सर्वांत गाजलेला प्रयोग डॉ. जयंत नारळीकर यांचा. मूळचे कोल्हापूरचे नारळीकर बरीच वर्षं टीआयएफआरमध्ये होते. त्यांच्या पुढाकारातल्या प्रयोगात २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून २ कोटी ६७ लाख घनफुटांचा फुगा सोडण्यात आला. त्याला ४५९ किलोची पेटी टांगली होती. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने तिच्यात बंद करून खाली आणले गेले. हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत तपासणी झाली आणि त्यातून जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्याचं २००९ साली इस्रोनं जाहीर केलं. त्यातल्या एकीला आर्यभटाचं नाव दिलं गेलं, दुसरीला इस्रोचं आणि तिसरीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांचं.

हे सगळं कशावर अवलंबून होतं? पेटी खाली उतरल्यावर न फोडता, न उघडता परत मिळण्यावर. वर्षानुवर्षांची मेहनत ऐनवेळी एखाद्या बांधाजवळ पडलेली असते.

मग पेटी सापडली तर काय करायचं?

पहिली गोष्ट, घाबरायचं नाही. ही पेटी स्फोटकं घेऊन येत नाही.

दुसरी गोष्ट, उघडायचं नाही, हलवायचं नाही, तारा ओढायच्या नाहीत. काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असू शकते, त्यामुळं धोका हात लावणाऱ्यालाच. पॅराशूटचं कापड किंवा दोरी चांगली दिसते म्हणून कापून न्यायची नाही.

तिसरी गोष्ट, पेटीवर पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला असतो, तिथं कळवायचं. ते जमलं नाही तर जवळच्या पोलीस ठाण्यात सांगायचं. शास्त्रज्ञांचं पथक येऊन पेटी घेऊन जातं. कळवणाऱ्याला बक्षीस आणि त्याचा झालेला खर्च देण्याची पद्धत आहे.

आणि जमलंच तर गावातल्या शाळेच्या पोरांना लांबूनच, पण दाखवायला नक्की न्या. दाब आणि आकारमानाचं ते समीकरण पुस्तकात एका ओळीत संपतं. रानात पडलेलं ते शेकडो फूट पातळ प्लास्टिक पाहिलं, की जमिनीवर मूठभर वाटणारा वायू वर जाऊन केवढी जागा भरून आला, हे पोरांना न सांगता कळेल.